भावजींचे ऐंशी टक्के

“वीस टक्के उतरवायला साडेतीन तास? लालबागेत खड्डा खणून पुरतायत का ते वीस टक्के?”

जयनगरच्या घराच्या फाटकात उभी राहून माझी थोरली बहीण ओरडत होती. अक्काचा आवाज असा, की कोपऱ्यावरून जाणारी बस दोनदा थांबली; ड्रायव्हरला वाटलं कोणी हात केलाय. अंगावर जांभळी रेशमी साडी, एका हातात ओटीचं ताट, दुसरा हात मोकळा, आणि मला भीती त्या मोकळ्या हाताची. पायाशी पुरणपोळ्यांची टोपली. दहा वाजले होते. भावजी, म्हणजे अक्काचे यजमान, सकाळी साडेसहाला आपली विजेची गाडी घेऊन “अर्ध्या तासात आलो” म्हणत गेले होते, ते अजून जातच होते.

आनेकलला माझ्या भाचीचं, म्हणजे अक्काच्या लेकीचं, डोहाळजेवण होतं. लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर हा दिवस आला होता, आणि पहिली ओटी आपल्याच हातची, असं अक्काने मनाशी पक्कं केलं होतं. पण भाचीची आत्तेसासूही नऊ वर्षं तांदूळ निवडून बसली होती. तिने फोनवर फार गोड आवाजात कळवलं होतं, की बुधवारी बाराला राहुकाळ लागतो, तेव्हा बाराला पाच कमी होईपर्यंत आई आली नाही तर पहिली ओटी ती भरेल. आमच्या बेंगळुरात माणूस सिग्नल मोडेल, राहुकाळ मोडणार नाही.

आता गाडीचं सांगतो. भावजी मूळचे पुण्याचे, पस्तीस वर्षं सरकारी कारखान्यात इंजिनियर. जगात कुठलीही गोष्ट काठोकाठ भरली की ती बिघडते, हे त्यांचं मत. चहाचा कप ते बोटभर रिकामा ठेवतात. फोन ऐंशी टक्क्यांवर काढतात. ताटातली शेवटची पोळी चतकोर ठेवूनच उठतात. ही चतकोर पोळी अक्का पस्तीस वर्षं बघते आहे. गाडी घेतल्यापासून तर त्यांनी फोनमध्ये चार्जिंगची मर्यादा ऐंशीवर बांधून टाकली होती. पूर्ण भरलेली बॅटरी उन्हात उभी राहिली की आतल्या आत म्हातारी होते, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. येणारेजाणारे कमी झाले, पण बॅटरी तरुण राहिली.

आणि अक्का? आम्ही चामराजपेटचे. आमच्या घरात तांदळाचं माप शीग लावूनच भरायचं. अपुरं भांडं उंबऱ्याबाहेर गेलं तर आई ते परत बोलवायची. लेकीच्या ओटीला जाणारी गाडी अपुरी, हे अक्काच्या हातून होणंच शक्य नव्हतं. तिने आदल्या संध्याकाळी देवाला दिवा लावला, भावजींचा फोन उचलला, आणि ती ऐंशीची पट्टी बोटाने ओढून शंभरावर नेली. वर हळदकुंकू वाहिलं की नाही, हे मला माहीत नाही. वाहिलं असणार.

सकाळी भावजींनी शंभरचा आकडा पाहिला आणि ते पायरीवर बसले. मी तेव्हाच टोपली घेऊन पोचलो होतो. घरात काही वाईट घडलं की काय असं मला वाटलं. “रात्रभर शंभरावर होती,” एवढंच ते म्हणाले, आणि वीस टक्के उतरवून आणायला निघाले. फोन घरीच राहिला. तो ऐंशीवर पोचायचा होता.

अर्धा तास गेला, दीड गेला, तीन गेले. मी तीन टॅक्सी बोलावल्या. तिघांनीही आनेकल ऐकून रद्द केल्या. शेवटी सव्वादहाला गाडी फाटकात आली. मागच्या सीटवर हास्यक्लबातले तीन म्हातारे, त्यांच्या मांडीवर शहाळी, पुढच्या सीटवर एक फुलवाली, तिच्या मांडीवर मोगऱ्याचा हारा. डिकी उघडी, तिच्यात आणखी शहाळी. एकूण शहाळी साडेतीनशे होती. अक्का म्हणते चाळीस. ती तेव्हा रागात होती, तिला मोजता येत नव्हतं.

झालं असं, की बेंगळुरात टक्के उतरवायला रस्ताच मिळेना. गाडी सिग्नलला उभी, आणि उभी गाडी वीज खाईना. दोन तासांत आकडा ब्याण्णवावर. मग भावजींनी एसी चालू केला, दिवे लावले, कोरड्या काचेवर वायपर चालवले. तरी हलेना. तेव्हा इंजिनियरी डोक्याने निर्णय घेतला, की वजन वाढवायचं, आणि दिसेल त्याला आत बसवलं.

“चौऱ्याऐंशी,” ते खिन्नपणे म्हणाले. “अजून चार राहिले.”

अक्काने ओटीचं ताट माझ्या हातात दिलं. दोन्ही हात मोकळे झाल्याचं बघून म्हातारे आपणहून उतरले. फुलवालीने जाता जाता अक्काच्या अंबाड्यात गजरा खोवला आणि पैसे मागितले नाहीत.

किल्ली मी घेतली. होसूर रोडला काय गर्दी होती ते सांगत नाही, तुम्ही विश्वास ठेवणार नाही. एका लॉरीच्या मागे आम्ही इतका वेळ होतो, की तिच्या क्लीनरने आम्हाला जावई धरून हवापाणी विचारलं. मागून भावजी आकडे सांगत होते. ब्याऐंशी. एक्याऐंशी. ऐंशी झाले तेव्हा त्यांनी टाळी वाजवली.

“चला, वाचली,” ते म्हणाले.

“बॅटरी,” अक्का म्हणाली. “तम्मा, तू हॉर्न वाजव.”

तम्मा म्हणजे धाकटा भाऊ, म्हणजे मी; मी हॉर्न वाजवला. आनेकलपर्यंत वाजवला.

आम्ही पोचलो तेव्हा बाराला सहा कमी होते. भाची हिरव्या साडीत झोपाळ्यावर बसून फाटकाकडे बघत होती, आणि आत्तेसासूबाई नारळ हातात घेऊन एक पाऊल पुढे टाकलेल्या. त्या एका पावलावरून अक्का पुढे गेली. साठी उलटलेली बाई चपला फाटकात, टोपली माझ्या डोक्यावर सोडून अशी धावली, की झोपाळा वाऱ्याने हलला. ओटीत अक्काचा नारळ पडला, खण पडला, मग तांदूळ. एक ओंजळ, दुसरी, तिसरी, चौथी. भाचीचा पदर भरला, सांडायला लागला, भाची हसतेय, रडतेय, अक्का थांबायला तयार नाही.

“ऐंशी पुरे,” भावजी माझ्या कानात म्हणाले. पण त्यांचेही डोळे काठोकाठ भरले होते. तिथे काही मर्यादा बांधलेली दिसली नाही.

पुढच्या आठवड्यात ते मला घेऊन गाडीच्या सर्व्हिस सेंटरला गेले. किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत गाडी शंभरावर होती, ते कागदावर लिहून नेलं होतं. तिथल्या मुलीने कागद बाजूला ठेवला, गाडीला संगणक जोडला, आणि विचारलं की याआधी फुल कधी केली होती. भावजी अभिमानाने म्हणाले, एकदाही नाही. मुलीने कपाळाला हात लावला. काही बॅटऱ्यांना रोज ऐंशीच बरं, म्हणाली, आणि फुल करून दिवसचे दिवस उन्हात ठेवणं वाईटच. पण तुमची बॅटरी वेगळ्या जातीची आहे. हिला आठवड्यातून एकदा फुल करायची, नाहीतर आकडाच नीट कळत नाही. पुस्तकात लिहिलंय, सर.

भावजींनी ते पुस्तक वाचलं नव्हतं. कारखान्यात पस्तीस वर्षं त्यांनी स्वतः तसली पुस्तकं लिहिली होती, त्यामुळे असल्या पुस्तकांवर त्यांचा विश्वास नव्हता.

माणूस प्रामाणिक. जेवायला बसल्यावर त्यांनी अक्काला सगळं सांगितलं, आठवड्यातून एकदा शंभर, पुस्तकात आहे, तुझं बरोबर होतं. मी घास हातात धरून कान झाकायच्या तयारीत होतो. अक्काने भाताचं पातेलं झाकलं, ताटातल्या चतकोराकडे बघितलं.

“सरी, बरं,” ती म्हणाली. “मग तेवढी पोळी संपवा.”