सुयांनी बरी झालेली मुलगी

विषमज्वरातून उठले तेव्हा मला माणसांचे केस दिसत, चेहरे दिसत नसत. नजरेतला मधला आणि खालचा भाग कोणीतरी पुसून टाकल्यासारखा झाला होता. मी सोळा वर्षांची होते आणि देवबागच्या एका घरात माझ्या लग्नाचं बोलणं चाललं होतं. वडिलांनी आईला आधी ताकीद दिली, "भायर बोलू नको."

बोटीने मला मुंबईला नेलं. डॉक्टरांनी डोळ्यांत विजेरी मारून पाहिलं. डोळ्यांकडून मेंदूकडे जाणारी शीर सुकली आहे, गेलेलं परत येईल अशी आशा धरू नका, असं सांगून त्यांनी गोळ्या दिल्या. माझा मामा जहाजावर खलाशी होता. त्याच्या ओळखीचा एक चिनी दातांच्या कवळ्या बसवायचा आणि त्याच खोलीत सुया टोचायचा. वडील मला त्याच्याकडे नेऊ लागले. भुवईत, अंगठ्याच्या बेचक्यात, पावलावर, केसासारख्या बारीक सुया. फार दुखत नसे. हात जड व्हायचा, मग ऊब यायची. तापापासून मागे लागलेली डोकेदुखी थांबली, झोप लागू लागली. मोडक्या हिंदीत तो वडिलांना पुन्हा पुन्हा बजावायचा, की डॉक्टरच्या गोळ्या बंद करू नका; सुयांनी हिला आराम पडेल, डोळ्यांचं मी काही कबूल करत नाही. डॉक्टरांनी परत तपासलं. नजर होती तिथेच होती.

तोवर गावात माझ्या डोळ्यांची कुणकुण लागली होती. बोटीतून उतरताच वडिलांनी सांगून टाकलं, "चिन्यान सुयो टोचून चेडवाचे डोळे बरे केल्यान."

मग माझी तालीम सुरू झाली. माजघरातून ओसरीवर जायचं, हातात चहाचा ट्रे. कप वाजला की वडिलांची पट्टी मनगटावर बसे.

"मान खाली घाल. खंयची नवरी वर बघता?"

"मान घातलंय काय पदर आड येता, माका कायच दिसना नाय," मी म्हटलं.

"तुका कोणी बघूक सांगल्यान?"

देवबागच्या पाहुण्यांना माझी खाली घातलेली मान फार आवडली. लग्न झालं.

सासूला लवकरच संशय आला. तिने मला काही विचारलं नाही. एके सकाळी तिने माजघराच्या वाटेत नारळ खवायचा आडाळो ठेवला, मुलाला हाक मारून शेजारी उभं केलं आणि मग मला पाणी आणायला सांगितलं, "पाणी हाड गो." पातं नडगीत हाडापर्यंत गेलं. मी तिथेच कोसळले.

"बघलंस?" ती मुलाला म्हणाली. "आंधळा चेडू गळ्यात मारल्यानी."

माझा नवरा मला ओलांडून बाहेर गेला.

होडीत बसवून मला परत पाठवलं. पायाला बांधलेली चिंधी वडिलांना दिसली असणारच. त्यांनी विचारलं एवढंच, "थंयच रवाक जमला नाय तुका?" गोळ्या बंद झाल्या. मुंबईही बंद झाली. डोकेदुखी परत आली.

धाकट्या बहिणीला बघायला नांदगावचे पाहुणे आले तेव्हा मला मागच्या पडवीत लाकडांच्या आड बसवलं होतं. भिंतीपलीकडचं सगळं ऐकू येत होतं. मुलाच्या काकांनी विचारलं, "तुमची थोरली सुया टोचून बरी झाली म्हणे? कुठे दिली तिला?"

पाहुण्यांसमोर वडील शुद्ध बोलत. "ती वारली," ते म्हणाले. "पुन्हा ताप आला."

कोणीतरी हळहळलं. आईला रडू फुटलं. ते रडणं खरं होतं, म्हणून सगळ्यांना पटलं.

बहिणीच्या लग्नाआधी मला तोंडवलीला मामाच्या घरी पोचवलं ते कायमचं. मामीने मला जाळी विणायला शिकवलं. त्याला बोटं पुरतात. वडील तिकडे फिरकले नाहीत. फक्त एकदा अंगणात मामाशी बोलताना त्यांचा आवाज ऐकू आला. मी हातातलं जाळं टाकून दारात गेले. बोलणं थांबलं. मग त्यांच्या वहाणांचा आवाज वाळूत लांब लांब जात राहिला.