तिकोनी काच

शिवणाच्या बाईंचा त्या गाडीवर भारी राग. नवरा बँकेतून निवृत्त झाला आणि लगेच ती जुनीपुराणी मोटार चौघांकडून ढकलून घेत घरी आला. "या वयात सवत आणलीत माझ्या उरावर!" बाई म्हणाल्या होत्या.

तेव्हापासून साहेबांचे, म्हणजे बाईंच्या नवऱ्याचे, रविवार भंगाराच्या आवारात जायचे. कधी दिव्याची कडी शोधायला, कधी दाराची मूठ. "चल की एकदा माझ्याबरोबर," ते म्हणायचे. "मला काय वेड लागलंय?" हे बाईंचं ठरलेलं उत्तर.

मग एका सकाळी साहेबांना अर्धांगाचा झटका आला. उजवं अंग लुळं पडलं, वाचा गेली. गाडी जवळजवळ पुरी झाली होती. पुढच्या दारातली छोटी तिकोनी काच तेवढी राहिली होती. साहेब खिडकीशी बसून त्या भोकाकडे टक लावून बघत राहायचे. बाईंना ते बघवेना. शेवटी पर्स उचलून त्या एकट्याच भंगारवाल्याकडे गेल्या.

"साहेब नाही आले?" त्याने विचारलं. बाईंनी सांगितलं, तसं त्याने पत्रा कापायचं मशीन बंद केलं. मग म्हणाला, "काच शोधू आपण, वहिनी."

पहिली काच साहेबांनी डाव्या हाताने उजेडात धरली आणि मान हलवली. नाही. दुसरीही नाही. तिसरी बघून तर ते चक्क हसले, अर्ध्याच चेहऱ्याने.

"हसा, हसा! उन्हात डोकं माझं तापतंय!" बाई कडाडल्या. आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडल्या. इतक्या दिवसांनी त्यांचं नवऱ्याशी भांडण झालं होतं, तेही एकतर्फी.

चौथी काच बरोबर निघाली. गॅरेजवाल्याने ती बसवून दिली. पण साहेबांनी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "आता आणखी काय हवंय हो तुम्हाला?" बाई वैतागल्या. साहेबांनी डावा हात उचलून कोपऱ्यातल्या बुटांकडे बोट दाखवलं.

पुढच्या रविवारी बाईंनी त्यांना चाकांच्या खुर्चीत बसवून टेम्पोतून आवारात नेलं. भंगारवाल्याने माणसं लावून इंजिनं बाजूला सारली, वाट केली. एकाला एक टेकवलेली दारं, रचून ठेवलेले टायर, तेलाने काळी झालेली जमीन. साहेब गंजलेल्या पत्र्यांवरून हात फिरवत चालले होते, ओळखीच्या माणसांच्या पाठीवरून फिरवावा तसा. बाई खुर्ची ढकलत होत्या. 'चल की एकदा माझ्याबरोबर' एवढं एकच वाक्य पुन्हा ऐकायला मिळालं असतं, तर त्या अनवाणी धावल्या असत्या.

एका ढिगातून साहेबांनी भलीमोठी मूठ उपसली.

"साहेब, ही ट्रकची आहे," भंगारवाला हळूच म्हणाला. "आपल्या गाडीला नाही चालायची."

साहेबांनी ती आणखी घट्ट धरली. आपली गाडी कोणती हेच ते विसरले होते, की ती मूठ त्यांना नुसतीच आवडली होती, हे बाईंना कळेना.

"असू दे त्यांच्याजवळ," त्या म्हणाल्या. मग खाली वाकून त्यांनी नवऱ्याला विचारलं, "त्या पलीकडच्या रांगेत जायचं?"

साहेबांनी मान डोलावली. बाईंनी खुर्ची वळवली.