अण्णांसाठी खस की मोगरा

अण्णा, म्हणजे माझे वडील, एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झाले तेव्हा ऊन तापायला लागलं होतं. नोकरीभर त्यांच्या अंगाला डिझेल-ग्रीसचा वास असायचा, साबणानं घासूनही जायचा नाही. घरी बसल्यावर तो हळूहळू गेला. एके दिवशी जरा लाजतच मला म्हणाले, "सिल्लोडला लग्नाला जायचंय. एखादं हलकं अत्तर घेऊन दे. उन्हात डोकं नाय उठलं पायजे."

मी त्यांना शहागंजात एका अत्तराच्या दुकानात नेलं. दुकानदारानं एका मनगटाला खस लावलं, दुसऱ्याला मोगरा. "चाचा, गर्मी में ये दोइच अच्छे."

अण्णा कधी हा हात हुंगत, कधी तो. "कोणतं घ्यावं गं?"

मी खस म्हणाले. पुन्हा हुंगलं तर मोगरा बरा वाटला. मग मलाच काही सुचेना. "जरा धूप में फिरके आओ," दुकानदार म्हणाला. आम्ही फिरलो, उसाचा रस प्यालो. तोवर घामानं दोन्ही वास एकमेकांत मिसळले आणि कोणत्या हाताला काय लावलं होतं तेच अण्णा विसरले. काही न घेताच आम्ही घरी आलो.

आईनं त्यांचे दोन्ही हात ओढून हुंगले. "एक कूलरवानी वाटतंय, एक गजऱ्यावानी. ह्यात तुम्ही कुठं हायात?"

"मग माझा वास कोणता?"

"डिझेलचा."

"त्याला तर तू नाक मुरडायचीस!"

"व्हय, मुरडायचे," आई म्हणाली. ती आत जाऊन भाकरी थापायला लागली. अण्णा तसेच हात पुढं धरून बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच जाऊन खस घेऊन आले. का खस, ते मला आजही सांगता येणार नाही.

लग्नाच्या दिवशी अण्णांनी ते कॉलरला लावलं. एसटीत आई त्यांच्या शेजारी, मी मागच्या सीटवर. खिडकीतून गरम वारा येत होता. आई सारखी मान वळवून त्यांच्याकडं बघत होती.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"काय नाय. बरं हाय. पण शेजारी कोण बसलंय, ते बघून खात्री करावी लागतीया."

अण्णांनी मागं वळून माझ्याकडं पाहिलं. ही तक्रार होती की कौतुक, हे त्यांना माझ्याकडून जाणून घ्यायचं होतं. मी नुसतेच खांदे उडवले.