कुंपणातलं गवत

धावडा गावाच्या वरच्या अंगाला माझा थोडा माळ आहे. मुरमाड, उताराचा, कधी नांगर न लागलेला. शाळेतून निवृत्त झालो, पाठोपाठ बायको गेली, पोरगी पुण्याची झाली. मग मी डोक्यात घेतलं की माळ सुधारायचा. रिकाम्या माणसाला खूळ लागतंच.

दरवर्षी दिवाळीनंतर केदारखेड्याकडचा एक म्हातारा मेंढपाळ कळप घेऊन यायचा. तीन दिवस माळ चारायचा आणि मुक्कामाला मेंढ्या लिंबाखाली बसवायचा. लेंड्यांचं खत माझं, त्याबदली पायलीभर ज्वारी त्याची. तो बोलायचा फार. त्याचा मला वैतागही यायचा.

एका प्रशिक्षणात मी ऐकलं, की चराईनं माळ उघडा पडतो आणि मातीतला कस जातो. झालं! बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं आणि म्हातारा आला तेव्हा त्याला बाहेरच अडवलं.

"मामा, माळ बंद. मेंढ्यांनी मातीचं वाटोळं केलंय."

"गुरुजी, वाटोळं बारा महिने मोकाट फिरणाऱ्या गुरांनी केलं. आम्ही तीन रोजाचे पाव्हणे."

तो चहा न घेताच गेला. मीही थांबवलं नाही. माणूस निवृत्त होतो, मास्तरकीचा ताठा होत नाही.

पहिली दोन वर्षं मी खूप मिरवलं. पवना आणि मारवेल ही गवतं कमरेला लागली, पोरीला फोटो पाठवले. पुढं मात्र गवत जुनं झालं. ते खायला कोणी नाही, तुडवायला कोणी नाही. उभ्या उभ्या वाळून करडं पडलं, मातीत काही गेलंच नाही. बुडख्यांमधली जमीन पांढरट, टणक. माळावर दिवसभर माझ्याशिवाय कोणाचा आवाज नसायचा.

कसदार मातीचं ढेकूळ पाण्यात फुटत नाही, हेही त्याच प्रशिक्षणात ऐकलं होतं. यंदा, सहाव्या वर्षी, दोन स्टीलच्या पेल्यांत पाणी घेतलं. एकात मधल्या माळाचं ढेकूळ सोडलं, दुसऱ्यात लिंबाखालचं. माझा चहा संपायच्या आत पहिलं विरघळलं. दुसरं तसंच्या तसं. लिंबाच्या पाल्यानं असेल, अशी समजूत घालून पाहिली. मग मेंढ्या कधीच बसल्या नव्हत्या अशा बांधावरच्या लिंबाखालचं ढेकूळ आणलं. तेही विरघळलं.

दुसऱ्याच दिवशी केदारखेड्याला गेलो. म्हातारा पत्र्याच्या सावलीत एकटाच बसला होता.

"मामा, चुकलो मी. यंदा मेंढ्या बसवा."

"इकल्या, गुरुजी. माझ्यानं चालणं व्हईना. पोरगं वाटूरला हाटेलात लागलं."

"मग नुसते या. तीन दिवस राहा. बोलू."

हे बोलल्यावर मलाच कळलं, की मला मेंढ्यांपेक्षा तो हवा होता.

तो हसला. "मेंढ्या पुढं असल्या की पाय बराबर चालायचे बघा. आता एकट्यानं कुठं निघावंच वाटत न्हाई."

चहा घेतला आणि परत आलो.

सकाळी कुंपणाच्या तोंडावरच्या काट्या ओढून काढल्या. विळ्यानं जुनं गवत कापलं, जमिनीवर पसरलं आणि तुडवत फिरू लागलो. दुपारपर्यंत अंगणाएवढा तुकडा झाला. काम कळपाचं होतं आणि पाय दोनच.