मातिल्दाला न केलेला फोन

आमच्या बिल्डिंगीत बोलवा अशी की तळमजल्यावरच्या रेमेडिया आंटीने पलंगाखाली स्वतःची शवपेटी आणून ठेवलीय आणि दुपारी ती त्यात झोपून बघते. शालूकाकू तर छातीठोक सांगायच्या, "अगं, मापाची केलीय, मापाची!"

खोटं. मी पाहिलंय. साधी पत्र्याची ट्रंक. आत लाल लुगडं, जपमाळ आणि लोकरीचे मोजे. सगळं मरणाच्या दिवशी घालायचं. मोजे कशाला, असं विचारलं तर म्हणाली, "वर उभा करून इचारतील रे सगला हिशोब. पाय गार पडले तं तोंडातून शब्द फुटंल काय?"

कपडे तयार होते. उत्तर तयार नव्हतं.

आंटी टेंभी नाक्याजवळ राहते, धाकटी बहीण मातिल्दा स्टेशनपलीकडे, कोपरीत. त्यांची आई वारली ती आंटीच्या घरी. तेव्हा दोघी रुसलेल्या, कारण मातिल्दा एका लग्नात भर पंगतीत थोरलीबद्दल म्हणालेली, "आईचा बॉटल मसाला बायला कधी जमलाच नाय." आई जाताना आंटीने फादरना बोलावलं, बहिणीला नाही. नंतर सांगितलं, फोन लागत नव्हता. मातिल्दाने येणंच सोडलं.

चर्चची घंटा अवेळी, सावकाश वाजली म्हणजे कोणीतरी गेलं. आंटी विळीवरून उठायची आणि मला पिटाळायची. "बघ रे, मातिल्दा तं नाय?" नसायची. मग आंटी स्वतःची नाडी धरून बसायची. माझीच घंटा आधी वाजली तर?

फादरपुढे पाप कबूल करून झालेलं. ते म्हणाले, आता बहिणीलाही सांग. तिथे गाडी अडलेली.

ईस्टरआधीचे उपास सुरू होतात त्या राखेच्या बुधवारी ती कपाळावर राखेचा क्रूस घेऊन चर्चमधून आली आणि मला हाक मारली. "तू फादरचा आवाज काढतोस ना? आज देवाचा काढ. माना प्रश्न इचार. सराव होऊ दे."

देवाचा आवाज मी ऐकलेला नाही. त्यातल्या त्यात जवळचा म्हणून सोसायटीच्या सेक्रेटरींचा लावला, घसा खाकरून.

"हं, रेमेडिया मॅडम! बहिणीला फोन लावलेला का? हो की नाही, एवढंच बोला. भाषण नको!"

"लागत नव्हता, देवा."

सरावातसुद्धा खोटं! तिचा हात कपाळाकडे गेला. बोटाला लागलेली राख ती बघत राहिली.

"आंटी, तू कोपरीला जाणारच नाहीस. लाव पैज."

"आनि गेले तं?"

"ईस्टरपर्यंत कोणाची नक्कल करणार नाही."

"चप्पल घाल," ती म्हणाली.

रिक्षात तिची रोजची जपमाळ फिरत होती. मातिल्दाच्या जिन्यात मात्र आंटी खालच्याच पायरीवर बसली. "उद्या येऊ. तिचा बीपी वाढंल."

जिंकलो! मी नाचणारच होतो, तेवढ्यात ती म्हणाली, "ए, परत सेक्रेटरी हो."

आता एवढ्या आग्रहाला नाही कोण म्हणणार? "मॅडम! ऑफिस बंद व्हायला आलंय!"

ती उठली.

मातिल्दाने दार उघडलं. तिच्याही कपाळावर राख. आंटी उंबऱ्याबाहेरूनच बोलली, "फोन मी लावलाच नव्हता."

"ठाव हाय, बाय. फोन माझ्या उशालाच होता. तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. किती वाट बघायला लावलीस! मधेच मेले असते तं?"

आंटीला हुंदका आवरेना. "वर इचारलं तं सांगशील ना, मी कबूल केला म्हणून?"

"मी आधी गेले तं सांगीन. तू आधी गेलीस तं थांब तिथंच. माना येऊ दे."

उपास म्हणून काळा चहा झाला.

घंटा अवेळी वाजली की ती अजून दचकते. परवा वाजली तेव्हा ईस्टर अजून यायचा होता आणि दोघी बहिणी आंटीच्या पलंगावर शेजारी बसलेल्या, एकमेकींचा हात घट्ट धरून. त्यांना हसवावं म्हणून मी सेक्रेटरींसारखा घसा खाकरला.

आंटीने ओठांवर बोट ठेवलं. "पैज!"