नकाशात पाणी नाही

माझ्या भाचीला घरात सगळे टाचणी म्हणतात. अंगानं तशीच आहे आणि स्वभावानंही. राज्य सरकारच्या हवामान आणि जमीनवापर विभागात तिनं उन्हाळी इंटर्नशिप मिळवली, तेव्हा नातेवाइकांनी तोंडभर कौतुक केलं. पोरीला पृथ्वीची किती काळजी, असंही कोणीतरी म्हणालं. खरं कारण मला माहीत होतं. टाचणी तिथं पृथ्वीसाठी नाही, एका माणसासाठी निघाली होती, आणि त्या माणसाच्या नावानं दातओठ खायला तिला मीच शिकवलं होतं.

माझ्या भावाचा पुस्तकबांधणीचा कारखाना होता. कारखाना म्हणजे दोन खोल्या, कागद कापायचं एक यंत्र, खळीचा वास आणि छतापर्यंत रचलेले गठ्ठे. मागे सखल मोकळी जागा होती. पावसात गल्लीचं सगळं पाणी तिथं जाऊन बसायचं, उन्हाळ्यात जागा ठणठणीत कोरडी. तिथं भराव घालून गोदाम बांधायची परवानगी दुसऱ्याच कुणाला निघाली, तेव्हा भाऊ हातातलं काम टाकून विभागात गेला. सोबत टाचणी होती, शाळेच्या गणवेशात. तिथल्या साहेबानं खुर्चीतून न उठता भिंतीवरचा नकाशा दाखवला. म्हणाला, "नकाशात पाणी नाही, म्हणजे पाणी नाही."

भराव पडला आणि त्याच वर्षी गल्लीचं पाणी कारखान्यात शिरलं. कागद फुगला आणि गठ्ठ्यांनी दार आतून असं दाबून धरलं की शेवटी ते कुऱ्हाडीनं फोडावं लागलं. भावाला काही झालं नाही असं लोक म्हणतात, कारण तो जिवंत आहे. तो खिडकीत बसून राहायचा आणि विचारलं तर हो-नाही करायचा. हाच माणूस पूर्वी जेवताना इतका बोलायचा की वहिनी त्याच्यापुढचं ताट उचलायची धमकी द्यायची. त्या साहेबाला मी कधी माफ केलं नाही आणि टाचणीलाही करू दिलं नाही.

विभाग नव्या धोरणासाठी जमीनवापराचा नकाशा नव्यानं करत होता. प्रत्येक विद्यार्थ्याला एकेक पट्टा वाटून दिला होता. उपग्रहाचं चित्र समोर ठेवायचं आणि तुकड्यातुकड्याला रंग द्यायचा. शेत हिरवं, वस्ती पिवळी, पाणी निळं आणि काहीच नसेल ते करडं, म्हणजे पडीक. तोच साहेब आता विभागप्रमुख झाला होता. त्यानं टाचणीला ओळखलं नाही. उलट "हुशार आहेस हं" म्हणून खांद्यावर थोपटलं. त्या दिवशी घरी आल्याआल्या तिनं कपडे धुवायला टाकले.

लवकरच तिला त्याच्या वाक्यातली मेख सापडली. विभागात चित्रं नेहमी ऐन उन्हाळ्यातली घेत. पावसात ढग आडवे येतात, उन्हाळ्यात आकाश स्वच्छ, काम भराभर उरकतं. त्यामुळे पावसात भरणारी प्रत्येक सखल जागा नकाशात करडी व्हायची, आणि पडीक म्हटलं की बांधायला मोकळी. कोणी कट केला नव्हता, सोयीचं होतं एवढंच. मला तर कट असता तर जास्त बरं वाटलं असतं.

टाचणीनं गेल्या वर्षीची, पाऊस संपल्यासंपल्याची चित्रं मागवली आणि आपल्या पट्ट्यावर ठेवली. पट्ट्यात तलावाकाठची एक नवी वसाहत होती. तिथं साहेबानं निवृत्तीनंतरच्या बंगल्यासाठी जागा घेऊन फाटकाचे खांबसुद्धा उभे केले होते, ऑफिसात सगळ्यांना तो त्याचे फोटो दाखवायचा. ती जागा पाण्यात होती. आणि नव्या धोरणात, पावसाचं पाणी थांबतं तिथं बांधकाम नाही.

मला वाटलं, पोरगी नाचत घरी येईल. ती आली, लॅपटॉप माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाली, "आत्या, हा प्लॉट त्याचा. आणि हा शेजारचा, हा तुझा."

मी लग्न केलं नाही, भावाच्या घरीच राहत आले. आयुष्यात एकदा आपल्या नावाच्या दारातून आत जायचं, म्हणून नोकरीतली सगळी शिल्लक घालून मी ती जागा घेतली होती. शेजारी कोण, हे मला त्या दिवशी कळलं. पायाखालची जमीन सरकते म्हणतात, माझी भिजली.

"हे बघ," मी म्हटलं, "त्याचा निळा कर. माझा एवढासा कोपरा राहू दे."

"तुझा जास्त सखल आहे, आत्या. तुझ्यात पाणी नाही म्हटलं तर त्याच्यात कुठून येणार?"

"तू कुणाच्या बाजूची गं?"

"बाबांच्या," ती म्हणाली.

मी ओरडले, भांडी आपटली, तिच्या शिक्षणाचा उद्धार केला. भाऊ खिडकीतून नुसता बघत होता. त्यानं मला एक शिवी दिली असती तरी चाललं असतं. तो काही बोलला नाही, आणि त्याचं ते न बोलणंच मला सहन होईना.

"कर निळा," मी म्हटलं. "पण तो समोर बसलेला असताना दाखव. आणि त्याचं तोंड कसं होतं ते मला नीट सांग."

शेवटच्या दिवशी विद्यार्थ्यांना आपापले पट्टे सचिवबाईंपुढं मांडायचे होते. टाचणीनं आधी उन्हाळ्यातलं चित्र दाखवलं, मग पावसानंतरचं. साहेब घाईघाईनं म्हणाला, "पावसाळी चित्रांत ढग असतात."

"पाऊस संपल्यावर नसतात, सर."

"मग दोन्ही का घेत नाही आपण?" सचिवबाईंनी विचारलं. टाचणीनं रंगवलेलं निळं कायम झालं, यापुढं दोन्ही घ्यायची असं ठरलं आणि सगळे जेवायला उठले.

जिन्यात साहेबानं टाचणीला गाठलं. तिनं इतकी वर्षं धार लावून ठेवलेलं वाक्य त्याच्या तोंडावर फेकलं. "नकाशात पाणी आहे, म्हणजे पाणी आहे!" तो फक्त "आं?" म्हणाला. घरी येऊन ती रागानं रडली. "आत्या, त्याला बाबा आठवतच नाहीत." माझी जागा गेली आणि सूडही अर्धाच हाती लागला. मी कितीतरी दिवस जळफळत होते.

पावसाळा सरल्यावर मी भावाला बळेच गाडीत घातलं आणि तलावाकाठी नेलं. माझ्या जागेत गुडघाभर पाणी होतं. पलीकडे फाटकाचे दोन खांब पाण्यात उभे, आणि रस्त्यावर टाचणीनं फोटोत दाखवलेला तो साहेब, बूट हातात घेऊन. जवळचं माणूस भेटावं तसा तो आमच्याकडे आला.

"तुमचाही गेला का हो? एका इंटर्न पोरीनं वाट लावली सगळ्यांची." त्याचा आवाज रडवेला झाला होता. "घेताना मी स्वतः बघितलं होतं. नकाशात पाणी नव्हतं हो!"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात भाऊ बोलला.

"माझ्याकडेही नव्हतं, साहेब. कारखान्यामागं. पुस्तकं बांधायचो मी. तुमच्याकडे आलो होतो, शाळकरी मुलीला घेऊन."

साहेबानं त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "ती मुलगी..."

"तीच ती इंटर्न," भाऊ म्हणाला.

आता त्याला आठवलं. तो बूट घालायला खाली वाकला आणि वाकलेलाच राहिला, पण त्याआधी मी त्याचं तोंड पोटभर बघून घेतलं होतं. माझं घर त्या पाण्यात गेलं, तरी त्या क्षणी मला त्याचं काही वाटलं नाही.

जेवताना टाचणीनं विचारलं, "कसं होतं तोंड?" मी सांगायला लागले, तर भावानं मला मध्येच तोडलं आणि स्वतः सांगू लागला, खांबांपासून बुटांपर्यंत, मग पुन्हा पहिल्यापासून. त्याचा घास हातातच वाळला. शेवटी वहिनी म्हणाली, "जेवता का उचलू ताट?"