नागपुरी पट्टी

ताई गेली त्याला आता वर्ष होत आलं. भेटायला येणारी माणसं तिच्या दवाखान्यातल्या दिवसांबद्दल बोलतात. तिनं कुणाच्या सुनेचं अडलेलं बाळंतपण सोडवलं, कोणत्या डॉक्टरला चार लोकांत गप्प बसवलं. मी ऐकून घेतो. मला मात्र त्याआधीचे, तिला नोकरी नव्हती तेव्हाचे दिवस जास्त आठवतात. ते आठवले की हसू येतं, आणि सांत्वनाला आलेल्या माणसांसमोर हसणं बरं दिसत नाही. म्हणून लिहून काढतो आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. आम्ही वाशीमकडच्या रिठद गावचे, शेतीवाले. ताईचं लग्न ती लहान असतानाच झालं, आणि नवरा म्हणजे काय ते कळायच्या आत तो वारलाही. नागपूरला मामा गिरणीत होता. त्यानं तिला आपल्याकडे नेऊन शाळेत घातलं आणि पुढे हट्टानं नर्सच्या वर्गात बसवलं. शिकून ती परत आली तेव्हा तिच्या पेटीत एक प्रमाणपत्र, एक थर्मामीटर आणि दोन पांढरी पातळं होती. आता महिन्याभरात नोकरी लागणार, असं आम्ही धरून चाललो होतो. मी साधाच पास झालो होतो, तरी मला गावच्या शाळेत मास्तरकी मिळाली होती. ताई तर वर्गात पहिली आली होती.

पण आमच्याकडच्या दवाखान्यांत तेव्हा एक डॉक्टर, एक कंपाउंडर, एक शिपाई आणि एक झाडणारी एवढीच माणसं असत. ताईनं रिसोडला, वाशीमला, मंगरूळला अर्ज केले. सगळीकडून एकच उत्तर आलं, की जागा निघाल्यावर कळवू.

तोवर हात बसलेला राहावा म्हणून तिनं घराचाच दवाखाना केला. बाबांचं अंथरूण ती नागपूरच्या पद्धतीनं घालायची. चादरीची टोकं दुमडून गादीखाली अशी घट्ट खोचायची, की आत शिरायला वाटच उरत नसे. बाबा दुपारी पडायला आले की आधी अंथरुणाभोवती एक फेरी मारायचे. एकदा ते उशीकडून सरपटत आत गेले आणि हात आतच अडकले. मी त्यांना सोडवलं तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "पोरीले सांग, मी अजून जित्ता आहो. इतकं आवळून बांधाची घाई नाई."

माझ्यावर पट्ट्या बांधण्याचा सराव चालायचा. मायच्या जुन्या, धुऊन धुऊन पांढऱ्या पडलेल्या लुगड्यांच्या पट्ट्या फाडून तिनं त्यांच्या गुंडाळ्या करून ठेवल्या होत्या. मी पुस्तक वाचत बसलो की ती कधी डोक्याला, कधी हनुवटीला बांधून जायची. मला त्याचा त्रास नव्हता, पान उलटायला एक हात मोकळा असला की झालं. एकदा माझ्यासाठी स्थळ घेऊन पाहुणे आले, मला तशा अवतारात पाहून त्यांनी हळहळ व्यक्त केली आणि पाणीही न पिता गेले.

गावातल्या बायकांना थर्मामीटर फार आवडला. काच तोंडात धरली की ताप त्या काचेत चढतो आणि अंगातून जातो, अशी त्यांची समजूत झाली. ताईनं पुष्कळ समजावलं. शेजारची म्हातारी मात्र रोज भाकरी थापून झाल्या की यायची, काच तोंडात धरून भिंतीला टेकून बसायची आणि बरं वाटलं की उठून जायची. तिला ताप कधीच नव्हता.

पहिलं वर्ष असं गेलं. मग वाशीमहून मुलाखतीचं बोलावणं आलं. डॉक्टरसाहेबांनी सोपाच प्रश्न विचारला, की समोर एखादा माणूस चक्कर येऊन पडला तर काय करशील. ताई वर्षभर या एका दिवसाची वाट पाहत होती. तिनं तोंड उघडलं, डोळे फिरवले आणि स्वतःच चक्कर येऊन पडली. कंपाउंडरनं तिचे पाय वर धरले, गळ्याशी लुगडं सैल करायला झाडणारीला बोलावलं, तोंडावर पाणी मारलं. ती शुद्धीवर आल्यावर साहेब म्हणाले की उत्तर अगदी बरोबर आहे, पण ते कंपाउंडरनं दिलं.

त्यानंतर ताई बदलली. आधी तिचा आवाज बसला, मग हातातली सफाई गेली. अंथरुणं ढिली झाली, आणि बाबांना त्याचंच वाईट वाटू लागलं. तिनं माझ्या दंडाला बांधलेली पट्टी मी उठलो की पायात यायची. थर्मामीटर ती आधी माझ्या, मग मायच्या, मग स्वतःच्या तोंडात धरून पाहायची आणि तिघांचा ताप सारखाच निघाला की काच बिघडली म्हणायची. एकदा चुलीवर पातेलं खळखळ उकळत होतं, झाकण उडत होतं. ताई त्याच्यासमोर बसून आत डोकावत होती.

"माय व, पानी उकयलं का?" तिनं विचारलं.

माय माझ्याकडे पाहत राहिली. मी पुस्तकात तोंड खुपसलं.

त्यातच तिच्या सासरहून निरोप आला. थोरल्या दिराची बायको अंथरुणाला खिळली होती, घरात रांधायला, झाडायला, शेणगोठा करायला माणूस नव्हतं. शिकून काही होत नसेल तर आमची सून आम्हाला द्या, असं त्यांचं म्हणणं. बाबांना ते पटत नव्हतं, आणि नाही म्हणायला काही कारणही हाताशी नव्हतं. नेमकं तेव्हाच रिसोडच्या लोकल बोर्डाच्या दवाखान्यातून पोळ्यानंतरच्या आठवड्यात भेटायला बोलावल्याचं पत्र आलं. बाबांनी ठरवलं की ही शेवटची खेप. झालं तर झालं, नाहीतर सासरच्या माणसासोबत तिला धाडायचं.

ताई म्हणाली, "मंग आताच धाडा. रिसोडचा हेलपाटा तरी वाचते."

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू ओढलेल्या खांद्याला कोमट पाणी, हळद आणि तूप चोळायचं आणि बैलाला जेवणाचं आमंत्रण द्यायचं, 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.' त्या वर्षी बाबा हळदीची वाटी घेऊन गेले आणि तसेच उभे राहिले. आमच्या जोडीतल्या थोरल्या बैलाचा खांदा जुवानं सोलून निघाला होता. पोळ्याच्या रांगेत सोललेल्या खांद्याचा बैल उभा करणं म्हणजे मालकानं सगळ्या गावासमोर आपली निर्दयता मिरवणं. घरी ठेवणं त्याहून वाईट.

ताई गोठ्याच्या दारात उभी होती. तिनं घरात जाऊन कडुलिंबाचा पाला घालून पाणी उकळून आणलं, आणि ते उकळलं का हे कुणाला विचारलं नाही. जखम धुताना बैलानं अंग झटकलं. "हालू नको," ती म्हणाली. तो आवाज आम्ही वर्षभर ऐकला नव्हता. बैल तर हलला नाहीच, मी आणि बाबासुद्धा जागच्या जागी उभे राहिलो. बैल तिला प्रश्न विचारत नव्हता, तिचं प्रमाणपत्र पाहायला मागत नव्हता. तिनं तूपहळद लावली, वर मऊ फडकं ठेवलं, आणि 'पाय उचल' म्हणत पुढच्या पायाखालून, वशिंडाला वळसा घालून, छातीवरून फुली घेत अशी पट्टी बांधली की प्रत्येक घडी मागच्या घडीवर माशाच्या खवल्यासारखी बसली.

दुसऱ्या दिवशी तोरणाखाली सगळ्या गावाचे बैल उभे राहिले. कुणाच्या पाठीवर आरशांची झूल, कुणाच्या शिंगांना बेगड. आमच्या बैलाच्या खांद्यावर पांढरीशुभ्र पट्टी. लोक जवळ येऊन पाहू लागले. एका म्हाताऱ्यानं बाबांना विचारलं की हे काय घातलं आहे.

बाबा जन्मात खोटं बोलले नव्हते, त्यामुळे त्यांना ते नीट जमलंही नाही. खाली पाहत ते म्हणाले, "नागपुरी आहे."

एवढं पुरलं. नागपुरात आता बैलांना अशी पट्टी घालतात, ही बातमी रांगेच्या टोकापर्यंत गेली आणि तिथं पोचेतो नागपूरच्या राजवाड्यातल्या बैलांची झाली. पाटलांचा बैल मानाचा, तोरणाखालून आधी तो जायचा. पण सगळे आमच्या बैलाकडे पाहताहेत म्हटल्यावर पाटलांनी तोरण तोडणं थांबवलं. त्यांचा गडी आमच्या घरी दोन कोरी धोतरं घेऊन आला आणि म्हणाला की मालकांनी ताईला बोलावलं आहे, तशीच पाहिजे, पण थोडी रुंद.

विधवा बाईनं पोळ्याच्या रांगेत जायचं नसतं. त्या दिवशी ते कुणाला आठवलं नाही. ताईनं पाटलांना बैलाचा पाय धरायला लावला. पाटलांचा फेटा सुटला तरी तिनं त्यांना पाय सोडू दिला नाही. मग इतर लोक आपली धोतरं, उपरणी घेऊन आले, एक जण तर लग्नातला शेला. झडत्या, म्हणजे पोळ्याच्या दिवशीची चिमटे काढणारी गाणी, म्हणणाऱ्यांनी आमच्या बैलावर एक झडती रचली, तो नागपूरला शिकून नापास होऊन परत आल्याची. ताईनं ती ऐकली आणि पट्टी बांधता बांधता हसली.

झुली उचलल्यावर तिला दिसलं की आणखी काही बैलांचे खांदेही सोललेले आहेत. मालकांचे चेहरे उतरले. तिनं कुणाकडे पाहिलं नाही, घरून कडुलिंबाचं पाणी मागवलं, जखमा धुतल्या, आणि नागपुरी पट्टी आधी खांदा धुतल्याशिवाय बसत नाही असं मोठ्यानं सांगितलं. त्यावर धडधाकट बैलांच्या मालकांनीही आपापले बैल धुऊन घेतले. तोरण तुटून पोळा फुटेपर्यंत दिवस कलला होता.

पुढच्या आठवड्यात आम्ही गाडी जुंपून रिसोडला गेलो. जखमी बैलाला घरी ठेवून पाटलांचा एक मागून घेतला होता. डॉक्टरसाहेब चष्म्यावरून पाहणारे, कमी बोलणारे होते. बाबा आणि मी दाराशी उभे. साहेबांनी शिपायाला पुढे बोलावलं आणि ताईला त्याच्या खांद्याला पट्टी बांधायला सांगितलं. ताईनं गुंडाळी उचलली, शिपायाच्या डाव्या बाजूला गेली आणि म्हणाली, "पाय उचल."

शिपायानं पाय उचलला.

साहेबांनी चष्मा काढला. "खांद्याच्या पट्टीला पाय कशाला?"

बाबांनी डोळे मिटले. ताईनं पट्टीचं टोक शिपायाच्या खांद्यावर धरलं. "सायेब, त्याचं ध्यान पायाकडं गेलं का खांदा आपोआप ढिला सुटते. पाहा." आणि तिनं पट्टी बांधून टाकली, घडीवर घडी. शिपाई एका पायावर बगळ्यासारखा उभा होता. साहेब उठले, आणि आम्ही दाराशी आहोत हे विसरून त्यांनी टेबलामागे आपला एक पाय जरासा उचलून खांदा हलवून पाहिला.

"सोमवारपासून ये," ते म्हणाले. "हंगामी आहे. पुढचं पुढे."

परतताना गाव जवळ आलं तेव्हा बाबांना आठवलं की ताईच्या सासरचा माणूस तिला न्यायला घरी येऊन बसला असेल. त्याला काय सांगायचं, असं त्यांनी माझ्याकडे पाहून विचारलं. उत्तर ताईनं दिलं.

"त्याइले म्हना, जाऊबाईले गाडीत घालून रिसोडले आना. अंथरुनाले खिळली म्हंते, कोनं तपासलं का नाई? दवाखाना सकायी उघडते."

बाबांनी ओसरीवर बसलेल्या माणसाला हे शब्दन् शब्द सांगितलं, वर तेवढ्याच कडक आवाजात विचारलं, की कुणी तपासलं का नाही. त्या माणसानं टोपी घातली, काढली, पुन्हा घातली, आणि आपल्यालाही कधीपासून पाठीत चमक येते, दवाखान्यातल्या बाई तीही तपासतील का, असं हळूच विचारलं.